घर-अंगण : हौद पोरांचा, पाणी बागेचे

उन्हाळ्याची सुटी लागली की खेड्यातली घरे भरून जातात. लेकी माहेरपणाला येतात, पुण्या-मुंबईची नातवंडे येतात, आणि दुपारी उन्हाचा वणवा पेटला की सगळ्या पोरांची मागणी एकच, पाणी. प्यायला नव्हे, डुंबायला. तालुक्याच्या बाजारात आता जमिनीवर मांडायचे तयार हौद मिळू लागले आहेत. लोखंडी नळ्यांचा गोल सांगाडा आणि आत जाड प्लास्टिकचे कापड. खड्डा खणायला नको, गवंडी नको, संध्याकाळपर्यंत हौद उभा. तेव्हा हा हौद घ्यावा का, कुठे मांडावा, पाणी किती लागेल, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे येत आहेत. त्या सगळ्यांना मिळून हे उत्तर.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रकार अगदीच नवा वाटायचे कारण नाही. मोटेचे पाणी ज्या थारोळ्यात पडे, त्या थारोळ्यात बसून अंगावर धबाधबा पाणी घेतलेली पिढी अजून आपल्यात आहे. पाणी पोरांच्या अंगावरून जाई, तिथून पाटात, आणि पाटातून उसाला नाहीतर मिरचीला. पोरे न्हाली म्हणून पिकाला थेंबभर कमी पडले नाही. हौदाचा विचार करताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की धरा, म्हणजे पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मोट गेली, पंप आले, आणि पोरांच्या वाटेला बंद नळ्या आल्या. दुसरीकडे शेताशेतांत प्लास्टिक अंथरलेली शेततळी झाली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यावर तर त्यांची संख्या पुष्कळ वाढली. शेतीला ती उपकारक आहेत यात वाद नाही. पण उन्हाळ्यात वर्तमानपत्र उघडावे तर शेततळ्यात मुले बुडाल्याची बातमी ठरलेली. कारण साधे आहे. विहिरीला निदान पायऱ्या असतात, हाताला दगड-कपार लागते. शेततळ्याचा उतार प्लास्टिकचा, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. आत घसरलेल्या माणसाला, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना, वर चढता येत नाही. वाचवायला गेलेला दुसराही त्याच्याबरोबर जातो. ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांनी हौदाचा विचार करण्याआधी शेततळ्याला कुंपण करावे, आणि चारही बाजूंनी काठावरच्या खुंटाला बांधलेला, हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. पोरांना पाणी हवेच असते. घरी मिळाले नाही तर ती कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून अंगणातला कंबरभर पाण्याचा हौद ही निव्वळ चैन आहे असे मी म्हणणार नाही.

आता पाण्याचा हिशेब. गोल हौदात किती लिटर पाणी बसते हे काढायची सोपी रीत अशी. हौदाची रुंदी फुटांत मोजा, तिला तिनेच गुणा, आलेल्या आकड्याला पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी २२ ने गुणा. १२ फूट रुंद हौदात अडीच फूट पाणी ठेवले तर १२ गुणिले १२ गुणिले अडीच गुणिले २२, म्हणजे सुमारे ८,००० लिटर. १५ फुटी हौदात तीन फूट पाणी म्हणजे जवळजवळ १५,००० लिटर. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने १२ फुटी हौदाचे पाणी सहा माणसांच्या घराला चोवीस दिवस पुरेल. हा आकडा मुद्दाम सांगतो आहे. ज्या गावात चैत्रातच टँकर सुरू होतो, जिथे शेजारची बाई दोन हंड्यांसाठी रात्री उठून रांगेत बसते, तिथे आपल्या अंगणात आठ हजार लिटर पाणी पोरांना उडवायला ठेवणे शोभत नाही. नळयोजनेच्या पाण्याने तर हौद कधीच भरू नये. ज्यांच्या विहिरीला वैशाखातही बागेपुरते पाणी टिकते, त्यांनीच पुढचे वाचावे.

हौद केवढा घ्यावा, हे दुकानदाराला विचाराल तर तो मोठा दाखवील आणि पोरांना विचाराल तर ती त्याहून मोठा मागतील. विचारायचे ते बागेला. उन्हाळ्यात केळीच्या झाडाला रोज साधारण १५ ते २० लिटर पाणी लागते, फळावरच्या नारळाला ५० लिटरच्या आसपास. समजा तुमच्या परसात दहा नारळ आणि वीस केळी आहेत. नारळांचे ५०० आणि केळींचे ४०० मिळून रोजची गरज ९०० लिटर झाली. चार दिवसांची झाली ३,६००. तुमचा हौद एवढाच. आठ फूट रुंद आणि अडीच फूट पाणी, म्हणजे साधारण साडेतीन हजार लिटर. पाणी चार दिवसांच्या वर हौदात राहू नये आणि बागेला लागते त्याहून जास्त हौदात असू नये, या दोन अटी एकदम पाळायच्या तर दुसरा हिशेब नाही. ज्याची शंभर केळी आहेत त्याने खुशाल १२ फुटी हौद मांडावा. ज्याच्या दारात एक लिंबू आणि तुळशीवृंदावन आहे त्याने पोरांना मोठ्या घमेल्यात बसवून तांब्याने पाणी घालावे. पोरे त्यातही खूश असतात.

असे केले म्हणजे हौदाचे म्हणून वेगळे पाणी लागत नाही. बागेला जायचे तेच पाणी वाटेत थोडे थांबते. नुकसान काय ते वाफेचे. मे महिन्यात आपल्या पठारावर उघड्या पाण्याची दिवसाला आठ-दहा मिलिमीटर, कोरड्या भागात बारापर्यंत वाफ होते. १२ फुटी हौदातून रोज शंभरेक लिटर उडून जाईल. आठ फुटीतून पन्नासच्या आत.

जागेसंबंधी. हौद बागेपेक्षा थोडा उंचावर असावा, म्हणजे तळाजवळच्या तोटीला नळी जोडली की पाणी आपल्या पायाने आळ्यांकडे चालत जाईल, पंप लागणार नाही. जमिनीवरच्या हौदाचा खड्ड्यातल्या हौदापेक्षा हाच मोठा फायदा आहे. मात्र एवढ्याशा उंचीवर नेहमीचे ठिबक चालत नाही, त्याला दाब पुरत नाही. पाणी मोकळ्या नळीने नाहीतर पाटानेच न्यावे. चिंच, कडुनिंब, शेवगा यांच्या सावलीचा मोह होतो, पण चार दिवसांत पाला कुजून पाणी काळे होते. विजेच्या तारेखाली हौद नको. शोषखड्डा, संडास आणि उकिरडा यांच्यापासून लांब असावा. विहिरीच्या काठालगत नको आणि घराच्या पायाशी तर नकोच, कारण गळती झाली तर पाणी पायात मुरेल. आणि स्वयंपाकघराच्या दारातून किंवा ओटीवरून तो थेट नजरेत असावा. गोठ्यामागे, कणगीआड मांडलेला हौद कितीही चांगला असला तरी धोक्याचा.

काही घरांत आता वर स्लॅब आहे, म्हणून गच्चीवरच मांडू का, असेही विचारतात. मुळीच नको. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. अडीच फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या वर ओझे. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार धरतात, गच्चीला तर त्याहून कमीच. त्याच्या चौपट ओझे तिच्यावर घालायचे आणि खाली आपण जेवायला बसायचे!

जमीन तयार करणे हे या सगळ्यातले खरे काम. हौद फाटतो, कलतो, फुटतो तो बहुतेक वेळा याच चुकीने. आठ हजार लिटरचे वजन आठ टन. जमीन एका बाजूला बसकी असेल तर पाणी तिकडे खोल होते, तिकडची भिंत जास्त रेटली जाते, बाहेर झुकते आणि एक दिवस सगळा हौद तिकडून मोकळा होतो. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे पाणसळ, मागून आणा आणि आखलेल्या गोलाच्या कडेने सात-आठ ठिकाणी पातळी बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत इंचभराहून जास्त फरक राहू देऊ नये. सखल बाजूला माती भरून सपाटी आणायचा मोह होईल, पण तसे करू नका. भरलेली माती पाण्याच्या वजनाने दबते. उंच बाजू खरडून खाली आणावी. कष्ट जास्त आहेत, पण काम टिकाऊ होते.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि जरा पाणी लागले की फुगते. तिच्यावर हौद थेट ठेवाल तर तळाखाली कुठे भेग, कुठे उंचवटा, अशी अवस्था होईल. अशा ठिकाणी वरची माती काढून अर्धा-पाऊण फूट मुरूम भरावा आणि थोडे थोडे पाणी मारत थर-थर करून धुमसाने धुमसून घ्यावा. हौदाच्या रिंगणाबाहेरही दोन फूट मुरूम असू द्या, म्हणजे उडालेल्या पाण्याचा चिखल होणार नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीला हा त्रास नाही, तिथे टोकदार खडे वेचणे हेच काम.

मग लव्हाळा. शेतकऱ्याला लव्हाळ्याची ओळख करून द्यायला नको. त्याचा कोंब सुईसारखा असतो आणि प्लास्टिक भोसकून वर येतो. रिंगणातल्या लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्यात, हरळीच्या काशा काढाव्यात, आणि मगच दोन इंच चाळलेली वाळू पसरावी. वाळूवर खताच्या रिकाम्या गोण्या उसवून अंथराव्यात, त्यावर जुनी ताडपत्री. गोणपाट घालू नये, त्याला वाळवी लागते. हे सगळे झाल्यावर अनवाणी पायांनी त्यावर फिरून पाहावे. पायाला टोचेल ते कापडालाही टोचेल.

हौद कशाचा, यात पर्याय आहेत. तयार हौद सोयीचा. मध्यंतरी मत्स्यपालनाच्या हौसेने अनेकांनी बायोफ्लॉकच्या गोल टाक्या आणल्या होत्या, बाहेरून लोखंडी जाळी आणि आत ताडपत्री अशा. ज्यांच्याकडे ती टाकी रिकामी पडून असेल त्यांनी नवा खर्च करू नये. चार मीटर रुंदीची टाकी साधारण १३ फुटी होते. तिची उंची जास्त असली तरी अडीच फुटांच्या वर भरायची नाही. तळाच्या मधोमध जे भोक असते त्यावर बारीक जाळी घट्ट बसवावी, पाणी सोडताना पोराचे बोट किंवा मुलीचे केस त्यात ओढले जाता कामा नयेत. कायमचा हौद बांधायचा असेल तर गोलच बांधावा. चौकोनी हौद कोपऱ्यांत चिरतो. गोल भिंतीला आतून कोंबडजाळी बांधून एकास दोन-तीन वाळूच्या मालाचा गिलावा करावा आणि दोन आठवडे तिच्यावर सतत पाणी मारत राहावे. भिंत जाड असली की झाले असे समजू नका. पाण्याचा रेटा खोलीच्या हिशेबाने फार झपाट्याने वाढतो. अडीच फूट पाणी भिंतीच्या प्रत्येक फुटावर साधारण ८८ किलोचा रेटा देते. पाणी दुप्पट, म्हणजे पाच फूट केले, की रेटा चौपट, साडेतीनशे किलो. तेव्हा विटा नुसत्या एकावर एक रचून आत ताडपत्री टाकण्याची युक्ती करू नये.

तीच गोष्ट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची. ट्रॉलीत ताडपत्री अंथरून पाणी भरायचे आणि वरातीसारखी पोरे त्यात बसवायची, ही टूम हल्ली बरीच दिसते. ट्रॉलीचा फाळका ऊस आणि शेणखत अडवायला केलेला असतो, पाणी अडवायला नव्हे. त्याची खिट्टी निसटली तर पाण्याबरोबर पोरेही बाहेर फेकली जातात. आणि ट्रॅक्टर सोडून नुसती उभी केलेली दोनचाकी ट्रॉली आतले पाणी एका बाजूला हिंदकळले की उलटू शकते.

हौद पहिल्यांदा भरताना सावकाश भरावा. चार बोटे पाणी झाले की थांबावे, आत उतरून तळाच्या सुरकुत्या मधून कडेकडे ढकलून काढाव्यात, पुन्हा पाणसळ धरावी. आता फरक दिसला तर रिकामा करायला सोपे. फुटभर झाल्यावर पुन्हा थांबून सांगाड्याचे पाय एका रांगेत आहेत ना ते बघावे. पूर्ण भरल्यावर एक रात्र तसाच राहू द्यावा, पोरांनी कितीही भुणभुण केली तरी.

पंपाचे मात्र कडक ठेवावे लागेल. हौदात सोडलेला पाणबुडी पंप चालू आणि पोरे आत, हे दृश्य दिसता कामा नये. पोरे उतरायच्या आधी पंप बंद, नुसता बटणाने नव्हे तर पिन काढून. जोड दिलेली वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नये. हौदाच्या आसपासच्या सगळ्या जोडणीला चांगले अर्थिंग आणि गळतीचा करंट लागताच वीज तोडणारा ईएलसीबी असावा. लग्नातली रंगीत दिव्यांची माळ हौदाला गुंडाळून हौस करायची तर ती तुळशीच्या कट्ट्याला गुंडाळा.

पाणी स्वच्छ ठेवण्याचे शास्त्र मोठे आहे, पण चार दिवसांत पाणी बदलणाऱ्याला त्यातले थोडेच लागते. विहिरीचे पाणी दिसायला निर्मळ असले तरी दहा पोरे त्यात तासभर खेळली की ते निर्मळ राहत नाही. लहान मूल पाण्यात लघवी करते, हे आपण धरूनच चालू. जुलाब झालेले, खरूज-नायटा किंवा डोळे आलेले पोर दोन-चार दिवस बाहेर ठेवावे. बाकीच्यांनी आधी मोरीत साबणाने अंघोळ करून, ती पूर्ण धुऊन मग हौदात यावे. हौदात साबण मुळीच नको, तो बागेलाही नको.

जंतुनाशासाठी आपली ओळखीची टीसीएल पावडर पुरते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. ८,००० लिटरला अशी ५० ग्रॅम पावडर टाकली की लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन होते, आणि पोहण्याच्या पाण्यात एक ते तीन मिलिग्रॅम हवे असते. साडेतीन हजार लिटरच्या हौदाला २२ ग्रॅम झाले. हे सोनाराच्या नाहीतर किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पुड्या करून ठेवाव्यात, चमच्याच्या अंदाजाने नव्हे. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे, त्यात पावडर ढवळावी, निवळी वर आली की तेवढीच हौदात ओतावी आणि तळाचा चुना बाजूला टाकावा. हे काम मोठ्या माणसाचे, मोकळ्या हवेत, आणि त्या बादलीत संडास धुवायचे ॲसिड कधी गेलेले नसावे. पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू निघतो. उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी झालेली असते. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडे क्लोरीन तपासायची छोटी पेटी असते, एकदा त्याला बोलावून आपल्या हौदाचे पाणी दाखवून घ्यावे. कडक उन्हात क्लोरीन भराभर उडते, म्हणून एक मात्रा संध्याकाळी पोरे बाहेर पडल्यावर आणि गरज वाटल्यास दुसरी, निम्मी, सकाळी. टाकल्यावर तासभर कुणी उतरू नये. एवढ्या क्लोरीनने केळी-नारळाला काही होत नाही.

कोमट झालेले, साचलेले, औषध न टाकलेले पाणी नाकात जाणे चांगले नाही. २०२४ आणि २०२५ साली केरळात अशा पाण्यातल्या एका सूक्ष्म अमिबामुळे मेंदूला सूज येऊन माणसे दगावली, त्यांत मुलेही होती. तो रोग विरळा आहे, घाबरून जायचे कारण नाही. क्लोरीनला तो अमिबा टिकत नाही, एवढे मात्र ध्यानात असावे.

त्याहून जवळचा शत्रू म्हणजे डेंगीचा डास. तो गटारात नव्हे, असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो. अंडी पाण्याच्या कडेला, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून चौथ्या दिवशी पाणी बागेला सोडले की हौद नुसता रिकामा करून भागत नाही. काथ्याने भिंत आणि तळ खसाखसा घासावा, उन्हात कोरडा करावा आणि मगच पुन्हा भरावा. हे काम पोरांकडूनच करून घ्या, त्यांना त्यात पोहण्याइतकीच मजा येते. सकाळी पहिल्यांदा उतरण्यापूर्वी काठीने पाणी ढवळून बघावे. रात्री बेडूक येतात, आणि बेडकामागे दुसरे कोण येते ते सांगायला नको. एक नियम सगळ्यांत वरचा. उभे राहून तळ स्पष्ट दिसत नसेल तर त्या पाण्यात मूल उतरवायचे नाही.

आता राखणीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथाई पाच वर्षांच्या आतली मुले होती. लहान मूल बुडते तेव्हा ते हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. ते गपचूप खाली जाते. मिनिट-दोन मिनिटांचा प्रकार असतो, आणि त्याला अडीच फूटसुद्धा लागत नाही, वीतभर पाणी पुरते. म्हणून पोरे आत असतील तेवढा वेळ एक मोठे माणूस हौदाशेजारी बसलेले हवे. त्याच्या हातात मोबाईल नको, समोर वर्तमानपत्र नको, आणि चला, एवढे गुरांना पाणी दाखवून येतो, हेही नको. उठायचे तर पोरांना बाहेर काढून उठायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हे राखणीचे काम न बोलता घरच्या बाईच्या गळ्यात पडते. तिला चूल आहे, उन्हाळ्यातली वाळवणे आहेत, माहेरवाशिणींची उठबस आहे. अंगणात कुरडया घालता घालता ती हौदावर लक्ष ठेवील, असे धरणे म्हणजे कुणीच लक्ष न ठेवणे. ज्या बाप्यांनी हौसेने हौद आणला त्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. वैशाखात दुपारी शेतात तसेही फारसे काम नसते, ओसरीवर पडायचे ते हौदाशेजारी खुर्ची टाकून बसायचे. रोज एक तास, ठरलेली वेळ. वेळ संपली की शिडी काढून घरात ठेवायची आणि हौदाजवळ बादल्या, पाटा, उलटे घमेले, चढायला पायरी होईल असे काही ठेवायचे नाही. वरून ताडपत्री झाकली की काळजी मिटली असे समजू नका. सैल ताडपत्रीवर रांगते पोर गेले तर ते तिच्यातच गुरफटते. घरात चालायला लागलेले लहान मूल असेल तर हौदाभोवती चार फुटी जाळी आणि फाटकाला वर कडी, यातून सुटका नाही.

सूर आणि मुटका या दोन्हींना बंदी. विहिरीत तीन पुरुष पाणी असते, तिथे ते चालते. अडीच फुटांत डोक्यावर उडी मारली की मान मोडते आणि पोर जन्मभर अंथरुणाला खिळते.

मग अशा उथळ हौदात पोहायला तरी येते का? पुरते येत नाही, पण पोहण्याचे पहिले धडे इथेच चांगले होतात. श्वास धरून तोंड पाण्यात घालणे, पाण्यात श्वास सोडणे, काठ धरून पाय मारणे आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उताणे पडून तरंगणे. दमलेल्या माणसाला शेवटी तेच वाचवते. ज्याला उताणे निवांत तरंगता येते त्याची पाण्याची भीती गेली. पुढे कमरेला दोर, पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून विहिरीत उतरवणारा जाणता माणूस गावात असतोच.

आणि हे धडे मुलींनाही द्या. आपल्याकडे विहिरीवर मुलगे पोहायला शिकतात आणि मुली काठावर धुणी धुतात. पाय घसरून पाण्यात पडायची वेळ मात्र धुणे धुणारीवर, हंडा भरणारीवर जास्त येते, आणि तिला हात मारता येत नाही. चार लोकांत विहिरीत उतरायला मुलींना संकोच वाटतो, घरच्यांनाही आवडत नाही. आपल्या अंगणातल्या हौदात ती अडचण राहत नाही. आत्या, मावशी, आजी कुणी बसलेली असली की झाले. परकर-पोलके पाण्यात पायांत गुंतते, त्यापेक्षा आखूड विजार आणि अंगाबरोबरचा सदरा बरा. सुनांनाही चार दिवस संध्याकाळी हौद मोकळा करून द्यायला हरकत नसावी.

इतके करूनही प्रसंग आला तर काय करायचे, ते घरातल्या दोघा-तिघांना आधीच माहीत हवे. पोर बाहेर काढून कडक सपाट जागेवर उताणे निजवावे. कुणीतरी १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून पाच वेळा छाती वर येईल इतपत फुंकर घालावी. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताने दाबावे. छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, तीस वेळा. मग दोन फुंकरी, पुन्हा तीस वेळा, असे मदत येईपर्यंत न थांबता. पाय धरून उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, मडक्यावर पालथे घालणे, यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न फुफ्फुसात जाते. मिठात ठेवले की बुडालेला माणूस उठतो, अशी एक अफवा मोबाईलवरून फिरत असते. ती ऐकून पोरांना मिठात पुरून ठेवलेल्या आईबापांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मिठाने कुणी उठत नाही. पोर शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. पाणी फुफ्फुसात गेलेले असले तर काही तासांनी श्वास अडू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारून हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे, वाचून हाताला येत नाही.

मृगाच्या आधी हौद उतरवावा. शेवटचे पाणी बागेला सोडून कापड धुवावे, सावलीत दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवावे. किंचित ओल राहिली तर बुरशी धरून काळे डाग पडतात. घडीवर घडी दाबून ठेवण्यापेक्षा बांबूभोवती सैल गुंडाळी करून ती आढ्याला टांगावी, म्हणजे उंदीर पोहोचणार नाहीत. नळ्यांच्या तोंडाला तेलाचा हात फिरवून त्या जुळणीप्रमाणे आकडे घालून बांधाव्यात, नाहीतर पुढच्या चैत्रात कुठली कुठे बसते यावर अर्धा दिवस जाईल. धुमसलेल्या रिंगणात पावसाळ्यात काही उगवणार नाही, ते तसेच राहू द्या. दसऱ्यानंतर मळणीचे खळे म्हणून ते कामाला येईल.

पुढच्या अंकी पाऊस सुरू होण्यापूर्वी कणग्या, कोठ्या आणि बियाण्याची मडकी कशी तपासावीत ते पाहू.